पंधरा पॉइंट दोन

वैजनाथ सरांच्या वर्गाच्या प्रयोगवह्या आखाडा बाळापूरच्या आसपासच्या चार गावांत नावाजलेल्या होत्या. खाकी कव्हर, त्यावर पांढरी चिठ्ठी, आत अनुक्रमणिका, डावीकडे पेन्सिलीची आकृती आणि उजवीकडे साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. नववीच्या पोरानं बारा प्रयोग पूर्ण केले की सर लाल शाईनं 'बरोबर' लिहून खाली झोकदार सही ठोकत आणि वीसपैकी अठरा गुण देत. आकृती रंगवलेली असली तर एकोणीस. एक्क्याण्णव साली सर या शाळेत लागले तेव्हापासून बारा वर्षं हे असंच चाललं होतं.

प्रयोग मात्र त्या बारा वर्षांत एकाही पोरानं केला नव्हता. साहित्याचं कपाट कुलपात, किल्ली ऑफिसात, आणि काही फुटलं तर जबाबदार कोण, म्हणून ती किल्ली कुणी मागायची नाही. थोरल्या बहिणीची वही धाकटीकडे, धाकटीची शेजारणीकडे अशी उतरत जाई आणि तिच्यातून नव्या वह्या भरत. शेवटचा, बारावा प्रयोग बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर काढायचा. त्याचं उत्तर १५.२ सेंटिमीटर. सरांनी पहिल्याच वर्षी फळ्यावर लिहून दिलेलं हे उत्तर पुढं मिलिमीटरभरही हललं नाही, आणि सरांना याचा चक्क अभिमान होता.

दोन हजार तीनच्या मार्चात नवे हेडमास्तर आले, उकंडराव. बारीक अंगाचे, बोलायला मऊ, पण एकदा म्हणाले की म्हणाले. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "नववीच्या प्रात्यक्षिकाला औंदा वही बघायची न्हाई. लेकरू काय करून दाखवतं ते बघा. गुण त्याचेच."

"आन् वर्षभर वह्या पूर्ण केल्या त्यांचं काय?" सरांनी विचारलं.

"त्यांला येतच आसंल की मग. दाखवतील."

सरांना यात काहीतरी खटकत होतं, पण नेमकं बोट ठेवता येईना. वर्षभर वेळेवर, स्वच्छ काम केलेल्या पोराला दहा मिनिटांत मोजायचं, हा कुठला न्याय? आणि वर्षभर उंडारलेलं पोरगं दहा मिनिटांत तरून जाणार? पहिल्या प्रश्नाला त्यांच्या डोळ्यांपुढं साधना आली. तिच्या वहीला सरांनी एकोणीस दिले होते आणि ती वही सगळ्या वर्गाला नमुना म्हणून दाखवली होती. दुसऱ्या प्रश्नाला शिवकन्या आली.

शिवकन्या उंडारत नव्हती, हे सरांनाही ठाऊक होतं. तिचा बाप पुंजाजी मेंढरंवाला. दिवाळीनंतर त्यांचा कळप सिद्धेश्वरच्या बाजूला, धरणाखालच्या शेतांत खतासाठी बसायला जाई आणि पोरगी दोन-अडीच महिने कळपाबरोबर. उरलेले दिवस ती गावात मामीकडे, पार्वतीबाईकडे राहून शाळेत येई. तिच्या वहीत बारापैकी तीन प्रयोग होते. एरवी तिला प्रात्यक्षिकाला बसूच दिलं नसतं, आणि प्रात्यक्षिकात नापास तो विज्ञानात नापास, हा शाळेचा जुना नियम. पुंजाजीनं तर आधीच सांगून ठेवलं होतं, पास झाली तर दहावीचं सबंध वर्ष मामीकडं राहू दे, नापास झाली तर कायमची कळपावर.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी उकंडरावांनी स्वतः कपाट उघडलं. आतून धूळ, दोन मेलेल्या पाली आणि कापसात गुंडाळलेलं एक भिंग निघालं. तेच भिंग परीक्षेला ठरलं. एकेक पोरानं आत यायचं, भिंग खिडकीपुढं धरायचं, मागं कागद सरकवत बाहेरच्या लांबच्या झाडाची स्पष्ट प्रतिमा पाडायची, भिंग आणि कागद यांतलं अंतर पट्टीनं मोजून चिठ्ठीवर लिहायचं. सरांनी आदल्या दिवशी स्वतः करून बघितलं नव्हतं. बघायचं काय त्यात? उत्तर ठाऊक होतं.

साधना पहिली आली. कागद पुढं-मागं केला, पट्टी लावली, क्षणभर थबकली आणि लिहिलं, १५.२. सरांचा जीव भांड्यात पडला. पुढचा पोरगा, १५.२. त्यापुढचा, १५.२. दुपारपर्यंत अडतीस पोरांनी एकच उत्तर लिहिलं आणि नव्या पद्धतीतही आपला वर्ग उजवाच ठरला म्हणून सर खुशीत आले. पोरांच्या हातांकडं त्यांचं लक्षच नव्हतं. ते चिठ्ठी बघत होते.

शेवटी शिवकन्या. तिनं भिंग धरलं, कागद सरकवला आणि एकदम हसली.

"सर, बघा तरी! लिंब उलटा! आन् खालच्या शेळ्या वर पाय करून चालून राहिल्या!"

"परीक्षा हाय ही. मोज."

तिनं पट्टी लावली, दोनदा वाकून बघितलं आणि लिहिलं, १०.

सरांनी चिठ्ठी वाचली आणि वीसपैकी चार मांडले. मनात कुठंतरी बरंच वाटलं त्यांना. वही अपुरी, उत्तर चूक. हिशेब जुळला.

"चुकलं तुझं."

"कसं काय सर? मोजलं की म्या."

"पंधरा पॉइंट दोन यायला पायजे."

पोरीनं पुन्हा मोजलं. पट्टी उलटी करून मोजलं. "दहाच येऊन राहिलं सर. पट्टी खोटी हाय का मंग?"

सरांनी तिला बाहेर पाठवलं. व्हरांड्यात पुंजाजी उकिडवा बसला होता, खांद्यावर घोंगडी. त्यानं आत डोकावून हळूच म्हटलं, "न्हाई जमत तर ऱ्हाऊ द्या सर. उद्या पहाटे आमचा कळप पुन्हा हालतोच. तिला घिऊन जातो." शिवकन्या भिंतीला टेकून उभी होती आणि ओठ दाबून पायाच्या अंगठ्याकडं बघत होती.

सरांनी दार लोटून घेतलं. पट्टी खोटी आहे का, एवढंच बघायचं होतं. भिंग धरलं, कागद बरोबर पंधरा पॉइंट दोनवर ठेवला. नुसता पांढुरका डाग. कागद जवळ आणला, बारा, अकरा. दहावर लिंबाचं झाड उलटं, पण पानन् पान दिसावं इतकं लख्ख उमटलं. सरांनी पट्टी बदलली. तरी दहाच.

मग हे पंधरा पॉइंट दोन आलं कुठून? ते स्टुलावर बसून आठवू लागले. एक्क्याण्णव साली फळ्यावर लिहिलं ते त्यांच्या स्वतःच्या नववीच्या वहीतून. त्या वहीत आलं चुलत भावाच्या वहीतून. त्याच्या वहीत कुठून, देव जाणे. त्या वहीला सरांना एकोणीस मिळाले होते. आकृती रंगवलेली होती. भिंग मात्र आज, चव्वेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा हातात धरलं होतं.

त्यांना लाज वाटली, आणि राग आला, पण कुणाचा ते समजेना. त्यांनी शिवकन्येचे चार खोडून अठरा केले आणि दार उघडलं.

"पुंजाजी, तुमची पोरगी पास हाय. तिला इथंच ऱ्हाऊ द्या."

पुंजाजी गोंधळून पोरीकडं बघू लागला. "आन् आता तर चुकलं म्हणले..."

"माझं चुकलं," सर म्हणाले. शिवकन्या बापाची घोंगडी तोंडावर ओढून रडायला लागली.

आता उरले अडतीस. सरांनी साधनेला बोलावून घेतलं. "खरं सांग, पट्टीवर किती दिसलं होतं?"

"दहा," ती लगेच म्हणाली.

"मंग लिहिलं काहून न्हाई?"

"म्या समजलं माझंच चुकून राहिलं. वहीत पंधरा पॉइंट दोन हाय ना सर." तिनं पिशवीतून वही काढून बारावा प्रयोग उघडला. रंगवलेली आकृती, खाली उत्तर, त्याखाली लाल शाई. "तुमी 'बराबर' लिहून सही केलीय. कशाला बराबर म्हणले होते तुमी?"

ती उलटून बोलत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, आणि सरांनाही. त्यांनी १५.२ वर आडवी रेघ मारली. मग खालच्या आपल्या सहीवरही मारली. "जा, सगळ्यांला बोलाव. उद्या पुन्हा मोजायचं," ते म्हणाले, तरी ती वही परत घ्यायला उभीच राहिली. नवी सही करायला सरांनी पेन टेकवलं, आणि सहीच्या वर आता 'बरोबर'च्या जागी काय लिहावं ते त्यांना कळेना.