जांभळाखालचा पाइप

लोक मला सांगतात, जुनं उगाळत बसू नका, मनाला त्रास होतो. मला तर उलट बरं वाटतं. साकीनाक्यामागच्या आमच्या चाळीला लागून ज्याचा गाळा होता, त्या शेटचे पाय आठवले की आजही मला चहा गोड लागतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चाळीमागे, आमच्या मोरीच्या भिंतीला लागून एक जांभळाचं झाड होतं आणि त्याच्या जांभळांची वाइन मी घरी करायचे. शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या ख्रिस्ती मावशीने मला ती शिकवली. मी मालवणकडची, मला कोकमाच्या आगळापलीकडे काही ठाऊक नव्हतं. सासूने आधी नाक मुरडलं. मग थंडीत खोकला झाला तेव्हा स्वतःच अर्धा कप मागून घेतली, आणि पुढे खोकला नसतानाही.

मावशीची शिस्त कडक होती. फळ फांदीवरून ओरबाडायचं नाही. झाडाखाली जुनी लुगडी अंथरायची आणि आपणहून पडेल तेवढंच घ्यायचं. ते धुवायचंही नाही, नुसतं पुसायचं, कारण सालीवर जे असतं त्यानेच रस फसफसतो. बाजारातली कसली पावडर तिला खपत नसे. बाटल्या भंगारवाल्याकडून घेऊन बंबातल्या राखेने घासायच्या. रस गाळून उरलेला चोथा त्याच राखेत कालवून पिंपात मुरत ठेवायचा आणि त्याचं खत पुन्हा त्याच झाडाला घालायचं. झाडाचं झाडाला गेलं पाहिजे, असं ती म्हणायची. मुलाकडे वसईला कायमची राहायला निघाली तेव्हा तिने चिनीमातीची बरणी माझ्या ओट्यावर ठेवली.

"झाडाकडे बघ हां," ती म्हणाली. "बरणी काय, दुसरी मिळेल."

त्यानंतर वर्षभरातच झाडापलीकडच्या गाळ्यात घड्याळाच्या पट्ट्यांना निकेल चढवायचं काम सुरू झालं. शेट आमच्याच बाजूचा, कोकणातला, बोलायला साखर. त्याने मागच्या भिंतीला भोक पाडून सांडपाण्याचा पाइप काढला तो थेट जांभळाच्या मुळाशी. रोजचं थोडंथोडं यायचंच, पण खरी वाट लावायची ती दसऱ्याला. पूजेआधी टाक्या रिकाम्या करायची त्यांची रीत होती. नवमीच्या संध्याकाळी टाक्यांचे नळ फरशीवर सोडायचे आणि शटर ओढून घरी जायचं. सकाळी गाळा पूजेला मोकळा, आणि सगळं विष आमच्या झाडाखाली.

पहिल्या दसऱ्यानंतर झाडाची एक बाजू वाळली. पुढच्या उन्हाळ्यात जांभळं वाटाण्याएवढी आली आणि वाइन इतकी तुरट झाली की जीभ आखडावी. त्याच्या पुढच्या साली मोहोरच आला नाही. गाळ्याकडच्या सगळ्या फांद्या वठल्या होत्या. आमच्या खिडकीकडच्या एका फांदीवर तेवढी पानं उरली होती.

नवरा म्हणत होता, कशाला त्याच्या नादी लागतेस. तरी मी गेले. पाइप गटाराकडे वळवा, एवढंच मागितलं. शेट दर दिवाळीला माझ्याकडून बाटली न्यायचा, पोटाला बरी म्हणून. वाटलं, त्याला तरी कळेल.

"अहो वहिनी, पाणीच तर आहे," तो हसत म्हणाला. "झाडाला दुसरं काय लागतं?"

त्याचे कामगारही हसले. मी घरी येऊन भाकऱ्या थापल्या, त्या इतक्या जोरात की सासूने विचारलं, कुणाला मारतेस गं?

नवमीच्या दुपारी मी पिंप उघडलं. जुना चोथा मुरून काळा, चिकट झाला होता. झाडाच्या वाटणीचा तो चोथा मी गोणपाटात भरला आणि पाइपाच्या तोंडात कोंबला. वर राख आणि चिखल ठासला आणि वरवंट्याने ठोकून सगळं घट्ट बसवलं. सासू खिडकीतून बघत होती. वरवंटा नीट धुवून ठेव, एवढंच म्हणाली.

पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून शेटने गाळ्याला वीतभर उंच सिमेंटचा उंबरा करून घेतला होता. आतलं पाणी बाहेर जाणार नाही, याचा विचार त्याने कधी केला नसावा.

दसऱ्याला सकाळी तो पांढरा झब्बा घालून, पूजेचं ताट घेऊन आला. मागे नवे व्याही आणि माल घेणारे व्यापारी. सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या. शटर वर गेलं, शेटने देवाचं नाव घेतलं आणि उंबऱ्यापलीकडे अनवाणी पाय टाकला. आत घोटाभर हिरवं पाणी साचलं होतं. तयार मालाची खोकी भिजून फुगली होती. मग पायांची आग सुरू झाली तसा ताट टाकून बाहेर पळाला आणि व्याह्यांसमोर पायरीवर बसून पाय खाजवू लागला.

मी ठेवणीतली साडी नेसून सोनं द्यायला गेले.

मला बघताच त्याला सगळं कळलं. "वहिनी, तो पाइप तुम्ही..."

"पाणीच तर आहे, शेट," मी म्हणाले. "सोनं घ्या."

दसऱ्याचं सोनं कुणी नाकारत नाही, आणि व्याह्यांसमोर तर नाहीच. त्याने ओंजळ पुढे केली. मी तिच्यात पानं ठेवली. ती आपट्याची नव्हती, जांभळाची होती, वाळलेली, हात लागताच चुरा होणारी. ती टाकता येईनात आणि पायही खाजवता येईनात, असा तो बसून राहिला.

आठवड्यात पाइप गटाराकडे वळला. झाड मात्र वाचलं नाही. त्या एका फांदीची पानंही थंडीत गळून गेली, आणि ते मी त्याला कधी माफ केलं नाही.

चांगल्या दिवसांतली एक बाटली माझ्याकडे अजून आहे. ती मी शेटच्या तेराव्याला उघडणार आहे. तो अजून रोज सकाळी फिरायला जातो, असं ऐकते. मीही जाते.