लाख मुलांचे क्रमांक

टियामिके मुलेंगा अठरा वर्षं झोंबा शहरातल्या शाळेत भूगोल शिकवत होती. चाळिशीत तिने प्रोग्रामिंग शिकून आमच्या शिष्यवृत्ती मंडळात नोकरी धरली. माझं टेबल तिच्या शेजारीच.

निकालाच्या दिवशी एक लाख मुलांचे क्रमांक लावायचे होते. तिचा प्रोग्राम एकेका मुलाचे गुण बाकी सगळ्यांशी ताडून, त्याच्या पुढे किती जण आहेत ते मोजत होता. शंभर मुलांवर तो झटक्यात चालला होता. आज आठला सुरू केला, तर दहापर्यंत जेमतेम तीस हजार मुलं झाली. बाराला वीज जाणार होती आणि फाटकाशी आईबाप ताटकळत होते.

आमचे वरिष्ठ काचाले साहेब आत डोकावले; बायकांना ते मानाने 'आमायी' म्हणत. "आमायी, यंत्र झोपलंय की तुम्ही?"

"यंत्र राबतंय, साहेब. मीच त्याला नको तिथे राबवतेय," असं म्हणून तिने प्रोग्राम थांबवला.

मी ओरडलेच, "अगं, दोन तास पाण्यात!"

"शाळेत मी पोरांना उंचीप्रमाणे उभं करायचे," ती म्हणाली. "मग कुणाच्या पुढे किती उंच पोरं, हे मोजत बसायचे का? रांगेतल्या जागेवरूनच कळायचं."

तिने सगळे गुण आधी उतरत्या क्रमाने लावले आणि मग प्रत्येकाला त्याच्या जागेचा आकडा दिला. मिनिटभरात यादी तयार! मी टाळी वाजवणार, तोच तिचा चेहरा उतरला. दोन मुलींना सारखेच चारशे बारा गुण होते. एकीला सतरावा क्रमांक, दुसरीला अठरावा.

"हिने काय पाप केलंय?" ती पुटपुटली. मग तिने एक अट घातली: गुण आधीच्याइतकेच असतील तर क्रमांकही आधीचाच; गुण बदलले की मगच रांगेतली जागा धरायची. दोघीही सतराव्या आल्या.

तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. जुन्या प्रोग्रामने काढलेले तीस हजार क्रमांक तिने नव्या यादीशी ताडून पाहिले. एकही चुकला नव्हता.

"बघ, दोन तास पाण्यात नाही गेले," ती मला म्हणाली, तेव्हा कुठे तिचा आवाज मोकळा झाला.

पावणेबाराला शेवटचं पान छापून निघालं. काचाले साहेबांनी स्वतः याद्या बाहेर नेऊन लावल्या. टियामिकेने बूट काढले, पाय खुर्चीवर घेतले आणि सकाळपासून तशीच राहिलेली मंदासी, म्हणजे तळलेले गोड गोळे, खायला घेतली. बाहेर कुणा आईने आनंदाने लांबलचक आरोळी ठोकली.

"कुणाची आई गं?" मी विचारलं.

"कुणाची का असेना," ती तोंडभर घास घेऊन हसली.