भट्टीवरच्या मिठाच्या गोळ्या

ही गोष्ट सांगणं मी इतकी वर्षं टाळलं. बायको होती तोवर तिलाही सांगितली नाही.

सत्तरच्या दशकात मी चिंचवडच्या एका फाउंड्रीत भट्टीवर सुपरवायझर होतो. भट्टीपुढे माणूस घामाने निथळायचा, उन्हाळ्यात चक्कर येऊन पडायचा. म्हणून शिफ्ट सुरू होताना पाण्याच्या पिंपाजवळ प्रत्येकाला मिठाच्या दोन गोळ्या मिळत. माझ्यासमोर गिळायच्या, मगच आत.

दापोडीला राहणारा, लातूरकडचा एक कामगार होता. एकदा त्याने डॉक्टरची चिठ्ठी पुढे केली. रक्तदाब वाढलाय, मीठ बंद.

"घरी भाजीतलं मीठबी तोडलंय, साहेब. गोळ्या नको."

"बीपी ऑफिसातल्या लोकांना होतं, राव. तुझं सगळं मीठ घामातून जातं. गिळ."

रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अळणी पाव्हणा आला रं!" सगळे हसले. तोही हसला आणि त्याने गोळ्या गिळल्या.

कंपनीचा दवाखाना गेटजवळच होता. चिठ्ठी दाखवली असती, तर त्याला दुसऱ्या खात्यात हलवलं असतं आणि भट्टीवर माझा एक माणूस कमी झाला असता. म्हणून मी गेलो नाही.

दोन उन्हाळे तो गोळ्या गिळत राहिला. मग एका सकाळी घरीच त्याची उजवी बाजू गेली. वाचाही गेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी तेव्हा विचारलं. रक्तदाबवाल्याला इतकं मीठ वाईटच, म्हणाले. गोळ्यांमुळेच झालं असं म्हणाले नाहीत. नाही असंही म्हणाले नाहीत.

भेटायला गेलो, तर त्याची बायको चहाचा कप पुढे करत म्हणाली, "दोन साल घरात अळणी शिजविलं, भाऊ. मीबी तेच खाल्लं. तरी असं कसं झालं? माझाच हात चुकला असंल." मग त्याच्याकडे वळून, "का कुनाच्या डब्यातलं लोणचं खात होता? सांगा की!"

त्याची जीभ वळेना. तो माझ्याकडे बघत राहिला. मी चहा संपवला.

तीन वर्षं तो तसाच पडून होता. तो गेल्यावर ती गावी निघाली. दापोडी स्टेशनवर तिची ट्रंक मीच नेली. गाडीला अवकाश होता.

"वहिनी, तुमचा हात चुकला नव्हता. मीठ मी खाऊ घालत होतो. मला माफ करा."

एवढंच म्हणायचं होतं, आणि वेळही पुष्कळ होता. मी तिला फक्त पाणी आणून दिलं.