कळ निघेपर्यंत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एका रविवारी सकाळी मी बायकोच्या मांड्या मुद्दाम जोरात रगडल्या. ती "हळू" म्हणाली, तेव्हा आणखी जोर लावला.

तिच्या आजाराला तेव्हा नाव मिळालं नव्हतं. मोरीतल्या स्टुलावरून उठताना ती नळाला धरायची, रिक्षात चढताना हाताने मांडी उचलून आत ठेवायची. रक्ताच्या तपासण्या चालू होत्या. मला मात्र वाटायचं, ही अंग चोरते. त्या दिवशी बोरिवलीला भावाकडे साखरपुडा होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही. "मला जिने नाही हो जमणार," ती म्हणाली. मी खोबरेल कोमट केलं. "पालथी झोप. दहा मिनिटांत चालायला लागशील."

आमची माणसं मालवणाकडची, वडील गिरणीत. आमच्यात पाय चेपायचे ते कळ निघेपर्यंत. कळ निघाली की दुखणं गेलं, असंच मी ऐकत आलो. मदत म्हणून सुरुवात केली हे खरं. मध्येच हातात राग उतरला, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी तिला पलंगावरून पाय खाली घेता येईना. डॉक्टरांनी विचारलं, "एकदोन दिवसांत काही वेगळं केलंत?"

"शनिवारी गव्हाचा डबा उचलला," ती म्हणाली. "चक्कीवर न्यायला."

मी बाजूच्या खुर्चीत फाईल धरून बसलो होतो. ते रगडणं तिच्या लेखी उपचारच होतं. मीही त्याचं नाव काढलं नाही.

मग नाव कळलं, मायोसायटिस. स्नायूंना आतून सूज येते. औषधं लागू पडली, काही महिन्यांनी रिपोर्ट सुधारले, आणि डॉक्टरांनी आम्हाला मुलुंडच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. तिशीतली, फटकळ. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. म्हटलं, मॅडम, घरी मालिश मीच करीन, मला सवय आहे. तिनं करून दाखवायला सांगितलं. मी पोटरीला हात घातला.

"काका, कणीक तिंबताय का?"

बायको हसली. मी म्हणालो, "कळ निघायला नको का?"

"कळ निघते म्हणजे काय होतं? जाते की सुरू होते?"

पन्नास वर्षं हा शब्द तोंडात होता. माणूस घरातून निघाला म्हणजे गेला. कळ निघाली म्हणजे उठली. आम्ही पिढ्यान् पिढ्या उठलेल्या कळेला गेलेली समजून वर आणखी दाबत होतो की काय?

तिनं माझा पंजा बायकोच्या मांडीवर सपाट ठेवला. वजन द्यायचं नाही. हात हळूच गुडघ्याकडून वर न्यायचा, फोडाला मलम लावावं तितक्याच दाबानं. जागा गरम लागली, नेहमीपेक्षा जास्त दुखली, तर त्या दिवशी हात लावायचा नाही, डॉक्टरांना कळवायचं. "आणि यानं सूज उतरत नाही हां. ती औषधानं. यानं त्यांना बरं वाटेल, झोप लागेल. बस."

एवढ्याशानं काय होणार, असं वाटलं होतं. पण रोज संध्याकाळी चहा झाला की मी बसायला लागलो, आणि मला त्याचं कुतूहलच वाटू लागलं. पहिल्या दोनतीन मिनिटांत काही होत नाही. मग हाताखालची मांडी किंचित जड होते, जणू तिनं ती माझ्या स्वाधीन केली. कधी तिच्या पोटात गुडगुडतं. उजवा पाय डाव्यापेक्षा उशिरा सैलावतो, आणि ज्या दिवशी ती कपडे वाळत घालते त्या दिवशी फारच उशिरा. काहीही न करणारा हात हे सगळं कसं घडवतो, मला अजून उलगडलेलं नाही. एकदा मी इतका वेळ तसाच बसलो की ती म्हणाली, "अहो, माझ्या पायावर झोपलात की काय?"

आता अडतंय ते वेगळंच. फिजिओ म्हणते, ताकद परत यायची तर व्यायाम हवा. सुरुवात पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीपासून. बायको बाटली हातात घेते आणि खाली ठेवते. "नको गं बाई. त्या डब्यानंच माझी वाट लावली." फिजिओ समजावते, मग माझ्याकडे बघते. "काका, तुम्ही तरी सांगा ना."

परवा संध्याकाळी तिच्या पायाशी बसल्यावर मी विषय काढला. "डब्यानं झालं नसेल."

"मग कशानं?"

तिनं मान वळवून सरळ माझ्याकडे बघितलं. खरं कारण मलाही ठाऊक नाही. आजार त्या आठवड्यात आपणहूनही उसळला असेल. पण सुजलेल्या स्नायूंना मी काय केलं, ते मला ठाऊक आहे. मी म्हणालो, "आजार आहे, होतं असं," आणि हात पुढे सरकवला. तिनं डोळे मिटले.

बाटली ओट्यावर तशीच भरलेली आहे. तिचं बळ त्या डब्यापाशी अडलंय, आणि तो डबा मी गप्प बसून तिच्या माथी मारला. त्या सकाळी मी रागानं काय केलं ते मला तिला तिच्या तोंडावर सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.