कोरा कोपरा

माझा धाकटा भाऊ निसर्गचित्रं काढतो, म्हणजे काढायला घेतो. एका ढगावर महिना घालवायचा आणि मग तोच ढग खरवडून टाकायचा. वीस वर्षांत कपाटामागे अर्धवट चित्रांची चळत लागली. मीही मूग गिळून बसणारी नव्हे. रोज विचारायचे, "आज घोडं कुठे अडलं?"

शेवटी वैतागून तो एकटाच तीन आठवडे समुद्रकाठी जाऊन राहिला. ओहोटी लागली की खडकांपर्यंत स्टूल न्यायचा आणि रंगवायला बसायचा. पहिल्याच दिवशी तो ढगात हरवला आणि भरतीने गाठलं. स्टूल, रंग, चित्र सावरताना नाकी नऊ आले. दुसऱ्या दिवसापासून त्याने ठरवलं, पाणी घोट्याला लागलं की चित्र संपलं.

परवा त्याने आमच्या पुढच्या खोलीत वीस चित्रं भिंतीला टेकवून मांडली. मी कमरेवर हात ठेवून खोट शोधत फिरले. शेवटच्या चित्राचा खालचा कोपरा चक्क कोरा होता.

"हे बघ, राहिलंच ना?"

"राहिलं नाही, ताई. तिथे पाणी आलं होतं."

मी त्या पांढऱ्या कोपऱ्याकडे पुन्हा पाहिलं, आणि नकळत पाय मागे घेतला.