मोहाच्या झाडावरचं मॅचिंग

हा किस्सा मी मार्केटमध्ये आजवर कुणाला सांगितलेला नाही. सांगितला असता तर दुकानात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. पण तुम्ही घरचेच, आणि चहाही अजून गरम आहे, तर ऐका आणि इथेच विसरा.

मी सुरतेच्या साडी मार्केटमध्ये मॅचिंगचं काम करतो. म्हणजे काय, तर साडीला शोभेल असं ब्लाउजचं, फॉलचं कापड अचूक त्याच रंगात काढून द्यायचं. बावीस वर्षं झाली. नारिंगी म्हटलं की तुम्हाला एक रंग दिसतो, मला चौदा दिसतात. आम्ही मूळचे खानदेशातले, राहायला गोडादऱ्यात. बायको घरी अहिराणीच बोलते. ती म्हणते, "तुमना खिसामा रुमाल सोडीसन बठ्ठं सापडस." खरंच आहे ते. रुमाल सापडत नाही, पण कापडाचे नमुने मात्र वीस-पंचवीस तरी निघतात.

आमची तेजू एकोणीस वर्षांची. ही पोरगी डोंगरात सायकल पळवते. आधी मला वाटायचं, पळवत असेल रस्त्यावर. रस्ता कुठला हो! दगड, झाडांची मुळं, ओढे, आणि उतार असे की मी बसून घसरत उतरलो असतो. या खेपेला व्याऱ्याच्या पलीकडच्या डोंगरात शर्यत होती. मुलींमधल्या पहिल्या तिघींना राज्याच्या शिबिरात घेणार होते. तेवढ्यासाठी तेजू वर्षभर पहाटे उठून उधन्यापासून डुमसपर्यंत सायकल हाणत होती. घरात दुसरा विषयच नव्हता. आता एवढ्या मोठ्या शर्यतीला पोरीला आधार नको का? मीच जाहीर केलं, मी सोबत जाणार. मला कुणी विचारलं नव्हतं, हे आत्ता लक्षात येतंय.

आमची सोय जयंतीभाई आणि काशीबेन या शेतकरी जोडप्याच्या शेतावर होती. शनिवारी दुपारी पोचलो आणि मी अंगणातच उभा राहिलो. तिन्ही बाजूंना डोंगर, मधे तुरीचं शेत, शेणाने सारवलेली ओसरी, आणि शांतता एवढी की कानात काहीतरी बिघाड झाला की काय असं वाटावं. आमच्या गोडादऱ्यात कापड विणायचे लूम बंद पडले तर लोक घाबरून बाहेर येतात. इथे म्हैस रवंथ करते तेही ऐकू येत होतं.

काशीबेनने नागलीचे म्हणजे नाचणीचे रोटले, उडदाची डाळ आणि लसणाची चटणी वाढली. साठीची बाई, पण दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन विहिरीवरून अशी चढून आली की मी ताटावरून उठून नमस्कार करायचा बाकी होतो. चार रोटले खाल्ले. तेवढ्यात तेजू म्हणाली, "पप्पा, पाच वाजता मैदानावर सगळ्यांना रूट समजावणार आहेत. येता?"

"तू जा. मला काय सायकल चालवायचीय?" मी म्हणालो आणि फिरायला निघालो.

इथून माझी अक्कल चरायला गेली.

डोंगरात थोडं चढलो तर एका सागाला नारिंगी कापडाची पट्टी बांधलेली. पुढे शंभर पावलांवर दुसरी. मग तिसरी. अख्ख्या पायवाटेने पट्ट्याच पट्ट्या. आमच्याकडे देवाच्या झाडाला नवस बोलून चिंधी बांधतात, तुम्हाला माहीतच आहे. मला वाटलं, केवढी ही श्रद्धा! अख्खा डोंगरच देव मानलाय या लोकांनी. माझ्या अंगावर काटा आला. मी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि अनवाणी चालू लागलो.

वाटेत काशीबेन सरपणाचा भारा घेऊन उतरत होती. तिने माझ्या पायांकडे पाहिलं.

"दर्शन करतोय," मी म्हणालो.

"सारुं, सारुं," आपण बरं बरं म्हणतो तसं ती म्हणाली आणि निघून गेली. शहरातून आलेल्या माणसाला ती काय बोलणार?

वर गेलो तर वाट दोन बाजूंना फुटलेली. उजवीकडच्या झाडाला पट्टी होती. डावीकडे मोहाचं प्रचंड झाड, आणि त्याला एकही नाही. मला फार वाईट वाटलं. सगळ्यांचा मान झाला आणि हाच एवढा मोठा देव उपाशी? शिवाय पोरीची शर्यत उद्यावर आलेली. मी खिशातले नमुने काढले. आता दुसऱ्या कुणी हाताला येईल ते बांधलं असतं. मी मॅचिंगवाला. उजवीकडच्या पट्टीजवळ जाऊन एकेक तुकडा उन्हात धरून पाहिला. सहावा तंतोतंत जुळला. मोहाच्या खाली आलेल्या बारीक फांदीला दोन वेढे दिले, गठ्ठ्याची गाठ मारली आणि हात जोडले. "देवा, माझ्या तेजूला योग्य वाट दाखव."

असंच म्हणालो. शब्दन् शब्द.

रविवारी सकाळी शर्यत सुटली. तेजू मुलींत सगळ्यांच्या पुढे. डोंगरात शिरताना तिची पाठ दिसली आणि माझा ऊर भरून आला. मी मैदानावर शेवटच्या रेषेपाशी जाऊन बसलो. चाळीस मिनिटांनी धूळ उडाली. पहिली पोरगी आली. तेजू नाही. दुसरी आली. तीही तेजू नाही.

तेवढ्यात आयोजक हार्दिकभाई फोनवर ओरडताना ऐकू आले. कुणीतरी फाट्यावर खोटी खूण केली होती. पुढची मुलगी चुकून डावीकडे गेली आणि थेट कुणाच्या तरी गोठ्यात उतरली.

पुढची म्हणजे माझीच. मी वर बघत राहिलो. डोंगराच्या शेवटच्या उतारावर दोन ठिपके दिसले. पुढचा हिरवा, मागचा आमच्या तेजूचा लाल. तो उतार आदल्या दिवशी मी झाडं धरत धरत उतरलो होतो. आणि ही पोरगी ब्रेक न लावता सुटली. दगडावरून सायकल हवेत गेली, खाली आली, पुन्हा गेली. हिला मी हात धरून रस्ता ओलांडायला शिकवलं होतं. ही कोण बाई आहे, मला कळेना. रेषेच्या दहा हात आधी तिने हिरवीला मागे टाकलं. तिसरी आली. गोठ्यात जाऊन, तो सगळा चढ पुन्हा चढून, तिसरी.

मला रडू फुटलं आणि त्याच्या मागोमाग संताप. मी मंचावर चढून हार्दिकभाईंच्या हातातला माईक घेतला. गुजराती, हिंदी, मराठी, जे तोंडात आलं ते बोललो. "जेणे आ काम कर्युं, तो माणूस मला इथे उभा पाहिजे! पोरींच्या वर्षाच्या मेहनतीशी खेळतो? त्याला घरी पोरगी आहे की नाही? माफी मागितल्याशिवाय एकही माणूस इथून हलणार नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जयंतीभाईंनीही वाजवल्या. मला आणखी चेव आला.

"पप्पा," तेजू धापा टाकत जवळ आली. "खाली या."

"नाही, आज सोडत नाही त्याला."

तिने खिशातून नारिंगी पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. गाठ तशीच होती, दोन वेढे आणि बाहेर काढलेला फास. साडीच्या गठ्ठ्याला मी रोज मारतो ती. माईक माझ्या तोंडाशीच होता, त्यामुळे माझा "अरे देवा" सगळ्या मैदानाने ऐकला.

मग मला कळलं, त्या पट्ट्या म्हणजे शर्यतीच्या खुणा. आदल्या दिवशी पाच वाजता तेच समजावत होते.

"पण तू का वळलीस गं?" मी विचारलं. "मागच्या पोरी तर बरोबर गेल्या."

"त्यांच्या घड्याळात नकाशा होता. मी दोन्हीकडे पट्टी बघून थांबले. मग गाठ ओळखली. म्हटलं, पप्पा काल इकडे फिरायला आले होते, रस्ता बघूनच बांधली असणार. बाकी कशावर नसेल, पण तुमच्या गाठीवर भरवसा आहे ना माझा."

मी माईकवरच सगळ्यांची माफी मागितली. तिन्ही भाषांत. हार्दिकभाईंनी त्यांची पट्टी आणि माझी पट्टी शेजारी शेजारी धरली, फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाले, "काका, मॅचिंग तो जबरजस्त छे."

तेजूने मात्र एका शब्दाने दुखावलं नाही. उलट येताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मला वाटलं, पोरीचं मन केवढं मोठं. आठ दिवसांनी शिबिराचा फॉर्म आला. तिने तो माझ्यासमोर बसून भरला, आणि 'सोबत येणारे पालक' या रकान्यात तिच्या आईचं नाव लिहिलं.