बिनखिडकीचं घर

"बघा, घराला खिडकीच नाही," डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे न बघता. मी काढलेलं चित्र त्यांनी उंच धरलं होतं आणि समोर कॉलेजची सहा पोरंपोरी वह्या उघडून बसली होती. "बंद मन. बाहेरच्या जगाशी संबंधच तुटलेला. त्यातून हा हिंसकपणा."

सहाही जणांनी लिहून घेतलं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी पंधरा वर्षांची. कोल्हापूरच्या एका दवाखान्यात दर गुरुवारी बिघडलेल्या मुलांवर बोलून उपचार करायचे, तिथं शाळेनं मला धाडलं होतं. बिघडले होते हे खरंच. दोन पोरींना बुकललं होतं, एकीच्या हाताला कडकडून चावले होते. शेवटी गुरुजींच्या कपाळावर डस्टर फेकून मारलं. तीन टाके पडले. आता डॉक्टरांनी लिहून दिलं तरच दहावीला बसता येणार होतं, नाहीतर शाळा बंद.

चार गुरुवार नुसतं घर काढ, झाड काढ, माणूस काढ. डस्टर का मारलं, हे एकदाही विचारलं नाही. जात मात्र पहिल्याच दिवशी विचारली. "बौद्ध," मी म्हणाले. "म्हणजे आधीचे कोण?" असं म्हणून त्यांनी त्यांना हवं ते लिहिलं.

आई दाराशी फरशीवर बसलेली. खुर्ची रिकामी होती, पण बस म्हणून कुणी म्हटलं नाही.

डॉक्टरांनी एक कागद पुढं सरकवला. "सोमवारी प्रार्थनेनंतर हे सगळ्या शाळेसमोर वाचायचं. मग मी शाळेला कळवतो."

कागदावर होतं, मी मनाने आजारी मुलगी आहे. माझ्या घरी चांगले संस्कार नाहीत.

घरी म्हणजे कोण? माझी आईच की. डोक्यात सणक गेली. टेबलावर काचेचा जड पेपरवेट होता, हात तिकडं गेलासुद्धा. सगळे टक लावून बघत होते. त्यांना तेच हवं होतं, हे मला लख्ख कळलं. मी हात मागं घेतला.

"वाच की गं," आई कळवळली. "वरीस वाया जाईल. सुदारंल की सायेब ती."

"न्हाई वाचणार," मी म्हणाले. "घराला खिडकी न्हाई, कारण शेजारच्या पाटलानं पाडू दिली न्हाई. तुमचा वारा आमच्या अंगणात नको म्हणाला. आन् स्कॉलरशिपचे फॉर्म आले तवा गुरुजी वर्गात म्हणाले, सरकारच्या जावयांनो, उभे राहा. आमी तिघं उभं ऱ्हायलो. समदा वर्ग हसला. हे लिवा आधी."

एकाचंही पेन हललं नाही.

"पाहिलंत? आक्रमकता," डॉक्टर त्या पोरांना म्हणाले.

आईला हाताला धरून उठवलं आणि बाहेर पडले. वर्ष गेलंच. पुढच्या साली बाहेरून परीक्षेला बसले.

तेव्हापासून दवाखाना असो, कचेरी असो, माझ्याविषयी कुणी काही लिहिलं की मी ते आधी वाचायला मागते. खोटं असेल तर तिथल्या तिथं खोडायला लावते. लोक उद्धट म्हणतात. म्हणोत. साहेब कितीही मोठा असो, खोडल्याशिवाय मी तिथून हलत नाही.